डागाची पहिली घटका

मराठी भाषेंत 'डाग' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. सोन्याच्या अलंकारास डाग म्हणतात, प्रवासास निघतांना मोजून घ्यावयाच्या सामानाच्या नगास डाग म्हणतात, आणि नव्या पातळावर आमटीचा थेंब पडला असतां मागें जें उरतें त्यासही डागच म्हणतात. पहिले दोन हरवूं नयेत म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून जपतों. तिसरा मात्र हरवूं म्हटलें तरी हरवत नाहीं. एखाद्या बाईच्या अंगावर चार डाग आहेत असें म्हटलें तर तें तिचें वैभव ठरतें. तेच चार डाग तिच्या शालूवर असले तर घरांत चार दिवस दुसरा विषय निघत नाहीं.

डाग नेमका आवडत्या वस्त्रावरच पडतो, ही तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. कोणी यास दैव म्हणतात, कोणी दृष्ट म्हणतात. परंतु विचार करतां दैवाचा भाग यांत थोडाच दिसतो. रोजचें धुवट वस्त्र अंगावर असतां मनुष्य वरणभात खाऊन उठतो. पैठणी पेटींतून बाहेर निघते ती मात्र ज्या दिवशीं हळदकुंकू असतें, पंगतींत श्रीखंड असतें, समई काठोकाठ भरलेली असते, विडे वांटले जातात आणि नात्यांतलीं चार मुलें आमटीच्या हातांनीं कडेवर यावयास धांवतात त्या दिवशीं. शिवाय रोजच्या वस्त्रावर डाग पडतो तो कोणी पाहत नाहीं. आवडत्या वस्त्रावरचा सर्वांस दिसतो. त्या बिचाऱ्या वस्त्राचा अपराध एवढाच कीं, तें उत्सवास गेलें.

डाग हट्टी आहे असें आपण म्हणतों तेव्हां हा हट्ट त्यानें केव्हां धरला हें सहसा पाहिलें जात नाहीं. पडतांक्षणीं फार थोडे डाग हट्टी असतात. थेंब प्रथम धाग्यांच्या वर असतो. मग धाग्यांमधल्या पोकळींत शिरतो. आणि शेवटीं हवा, उष्णता व आपली स्वतःची उपाययोजना यांच्या साह्यानें तो धाग्याशींच सोयरीक जोडतो. पहिल्या अवस्थेंत त्यास पाहुणा म्हणावें, दुसरींत भाडेकरू, आणि तिसरींत घरजांवई. पाहुण्यास निरोप देण्यास एक घटका, म्हणजे जुन्या मापानें २४ मिनिटें, बहुधा पुरते. घरजांवयास घालविण्यास कित्येकदां जन्म पुरत नाहीं. म्हणून डाग काढण्याचे शंभर उपाय ठाऊक असण्यापेक्षां पहिल्या घटकेंत काय करावें, व विशेषतः काय करूं नये, हें ठाऊक असणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. आणि ही घटका फुकट जाते ती औषध जवळ नसल्यामुळें क्वचित्. बहुतेक वेळां ती भीतीमुळें जाते. हें विधान प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल, परंतु पुढील विवेचनावरून तें पटेल अशी आशा आहे.

प्रथम हळद घेऊं, कारण आपल्या घरांत सर्वांत अधिक डाग तिचेच. हळदीस पिवळेपणा देणारें जें द्रव्य, तें कर्क्युमिन, १८१५ सालीं फ्रान्समध्यें फोगेल व पेल्तिये या दोघां रसायनज्ञांनीं वेगळें काढलें. हें द्रव्य साध्या पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तेलांत व स्पिरिटांत मात्र विरघळतें. आमटीची फोडणी तेलाची, त्यामुळें हळद तेलावर स्वार होऊन कापडांत शिरते. पुढचा प्रसंग प्रत्येक घरानें पाहिलेला असेल. डागास साबण लावला मात्र, तोंच पिवळा डाग लालभडक होतो आणि लावणारीचा चेहरा पांढरा होतो. वास्तविक भिण्याजोगें कांहींच घडलेलें नसतें. साबण क्षारधर्मी आहे, आणि क्षार लागला कीं हळद लाल होते. आंबट लागलें कीं ती पुन्हां पिवळी होते. शाळेच्या प्रयोगशाळेंत आम्ल व क्षार ओळखण्यासाठीं हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळें. जुन्या पद्धतीचें कुंकू करतांना हळदीवर चुना, टाकणखार अशा द्रव्यांची क्रिया करतात तीही तिच्या या लाल होण्याच्या स्वभावावर विसंबूनच. म्हणजे न्हाणीघरांत घाबरून उभ्या असलेल्या सूनबाईंनीं नकळत पंढरपुरकरांचा कुंकवाचा धंदाच आरंभिलेला असतो!

भय असें कीं, तो लाल रंग पाहून लिंबू, मग पुन्हां साबण, मग ब्लीचिंग पावडर असा एकामागून एक मारा सुरू होतो, आणि डागाच्या आधीं कापड जातें. पांढऱ्या सुती कापडास उपाय अगदीं साधा आहे. वर राहिलेली आमटी चमच्याच्या पाठीनें उचलून घ्यावी, चोळूं नये. साबणानें तेल काढावें. स्वच्छ पाण्यांत खळबळावें. आणि ओलें असतांनाच कापड कडक उन्हांत डाग वर करून पसरावें. कर्क्युमिन प्रकाशापुढें टिकत नाहीं. साबणाची वडी झिजवूनही जो डाग हालत नाहीं तो वैशाखाच्या दोन उन्हांत फिकट होऊन जातो. सांगलीच्या पेठेंतील हळदीची ख्याति केवढी, पण सूर्यापुढें तिचेंही कांहीं चालत नाहीं. मात्र हा उपाय रंगीत रेशमास नव्हे. ऊन डागाचा रंग खातें तसा पदराचाही खातें.

हळदीच्या डागास ऊन हें औषध. दुसऱ्या एका जातीच्या डागास उष्णता हें विष. दूध, दहीं, रक्त यांत प्रथिनें असतात. व्यालेल्या गाईचा चीक पातळ असतो, पण उकडला कीं त्याचा खरवस होतो. मग तो पुन्हां पातळ होत नाहीं. कापडावर सांडलेल्या रक्ताचें कढत पाण्यांत तसेंच होतें. तें धाग्यांतल्या धाग्यांत घट्ट होऊन बसतें. म्हणून अशा डागास पहिलें पाणी गार; त्यांत थोडें मीठ टाकल्यास बरें; आणि गार पाण्यानें निघेल तेवढें निघाल्यावर मग साबण. १९१३ सालीं जर्मनींत ओटो र्‍योम यानें प्राण्यांच्या स्वादुपिंडांतील पाचक द्रव्य धुण्याच्या कामीं लावून पाहिलें. आज बाजारांत मिळणाऱ्या कित्येक धुलाईच्या पुडींत प्रथिनें पचविणारीं द्रव्यें असतात त्या विचाराचें मूळ तेथें आहे. अन्न जसें पोटांत पचतें, तसा डाग बादलींत पचतो. परंतु ही पुडीही ऊन-ऊन पाण्यांतल्या खरवसापुढें हात टेकते. तिला गार वा कोमट पाण्यांत वेळ द्यावा लागतो.

येथें घरांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या येथें एका स्वयंपाकांत चौदा पानें वाढलीं जातात. धाकट्या भावाची मुलगी त्या वेळीं आठवींत होती. तिच्या आजीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, मोतिया रंगाच्या इरकली लुगड्याचा एक परकर तिला शिवून दिला होता. आईच्या मागें उरलेलें तेवढेंच धड वस्त्र, म्हणून मुलीचा त्यावर विशेष जीव. तो परकर एकाएकीं दिसेनासा झाला. आठ-दहा दिवसांनीं गाद्यांची थप्पी उन्हांत टाकतांना थोरल्या वहिनींस तो मागें कोंबलेला सांपडला. मुलीच्या अंगावर प्रथमच तो प्रसंग आला होता. परकरास डाग पडलेला पाहून तिनें तो दोन दिवस लपविला, मग रात्रीं सर्वजण निजल्यावर नळाच्या कढत पाण्यानें साबण लावून धुतला, आणि डाग निघण्याऐवजीं तपकिरी होऊन बसला तेव्हां गाद्यांमागें टाकला.

वहिनींनीं आवाज चढविला नाहीं. तिला जवळ घेऊन त्यांनीं एवढेंच विचारलें, "अग, मला हांक नाहीं का मारायची?"

"सगळे बसले होते ना, काकू," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर कशी मारूं?"

या उत्तरावर आम्हीं घरांतील थोर मंडळींनीं पुष्कळ विचार केला. परकर दोन दिवस गार पाण्यांत मिठासह भिजत ठेवला, नंतर सौम्य साबणानें हलक्या हातानें धुतला, व पुष्कळसा डाग गेला. एक फिकट सांवली मात्र राहिली ती आजही आहे. पहिल्या घटकेंत जो डाग लोटाभर गार पाण्यानें निघून गेला असता त्यानें आमच्या आईचें शेवटचें लुगडें कायमचें धरलें, आणि तेंही पाणी घरांत असतां, मीठ घरांत असतां, व उपाय ठाऊक असलेल्या तीन बायका घरांत असतां. उणीव होती ती एकाच गोष्टीची, त्या मुलीस मोकळेपणानें सांगतां येण्याची. तेव्हांपासून न्हाणीघराच्या कोपऱ्यांत झांकणाची एक बादली व भिंतीस एक खुंटी राखून ठेविली आहे. रक्तादुधाचा डाग असेल तर ज्याचें त्यानें बादलींत गार पाणी घेऊन कपडा बुडवावा. तेलाचा वा शाईचा असेल तर कोरडाच खुंटीवर टांगावा. डाग कशाचा एवढें चिठ्ठीवर लिहून ठेवावें. तो कोणी पाडला हें घरांत विचारलें जात नाहीं.

'डाग कशाचा' या प्रश्नावर इतका भर देण्याचें कारण असें कीं, एकाचें औषध दुसऱ्याचें वैरी असतें. चहा, पान, जांभूळ, डाळिंब, केळफूल, काजूचें बोंड हीं सर्व जिभेला तुरट लागतात. तो तुरटपणा ज्या द्रव्यांचा त्यांस टॅनिन म्हणतात. हिरडा व बाभळीची साल चामडें कमावण्यास वापरतात ती याच द्रव्यांकरितां. जें कातडें पक्कें करतें तें कापडास सहज सोडील अशी आशा कशास धरावी? केळीचा चीक पडतो तेव्हां पाण्यासारखा असतो, म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. संध्याकाळपर्यंत हवा लागून तो काळपट होतो आणि मग वस्त्र फाटेपर्यंत सोबत करतो. कोंकणांत व गोव्यांत केळफूल किंवा फणस चिरावयास बसणारी बाई हातास व विळीस आधीं तेल लावते आणि मांडीवर जुनें फडकें पसरते; डागावरचा सर्वांत उत्तम उपाय तोच.

जांभळासारख्या फळाचा ताजा डाग पांढऱ्या सुती कापडावर पडल्यास तें पातेल्याच्या तोंडावर ताणून धरावें व हातभर उंचीवरून त्यावर उकळतें पाणी ओतावें. डाग डोळ्यांदेखत पातेल्यांत उतरतो. रक्ताच्या डागास जें विष सांगितलें तेंच येथें अमृत! चहाची गोष्ट मात्र थोडी बिकट आहे, कारण आपल्या चहांत टॅनिनही असतें व दूधही असतें. तेथें आधीं गार पाण्यानें दूध काढावें, मग कढत पाण्याकडे वळावें. पानाच्या डागांत कात व चुना यांचें संगनमत असतें. आंबट ताकांत भिजवून चोळलें म्हणजे चुन्याचा जोर मोडतो व लाली उतरूं लागते. ही ताकाची युक्ति जुन्या बायकांची आहे, आणि ती अजून लंगडी पडलेली नाहीं.

तेलातुपाचा डाग पडला कीं पाण्याकडे धांवण्याची संवय असते, ती सोडावी. पाणी तेलास बाजूस सारतें, बाहेर काढीत नाहीं. डागावर डाळीचें पीठ, खडूची पूड किंवा मुलांच्या अंगास लावावयाची भुकटी जाड पसरावी, ती तेल शोषून घेते. घटकाभरानें झटकून मग शिकेकाई, रिठा किंवा साबण लावावा. पूजेच्या मुकट्यावर निरांजनांतील तूप नेहमींच सांडतें, व सोवळें म्हणून तो मुकटा महिनोन् महिने पाणी पाहत नाहीं. शुचितेच्या पायीं सर्वांत मळकें राहणारें वस्त्र तेंच, असें म्हटल्यास कोणी रागावूं नये. जुनें तेल हवेनें पिवळें व चिवट होतें. जवसाचें तेल रंग व व्हार्निशांत घालतात तें सुकून कातड्यासारखें होतें म्हणूनच. करडईच्या तेलांतही हा गुण कांहीं अंशीं आहे. त्यावर इस्त्री फिरली म्हणजे मग आटोपलेंच. डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावांचून कोणत्याही वस्त्रास इस्त्री लावूं नये, हा नियम घरांत लिहून लावण्याजोगा आहे.

लोखंडाच्या गंजाचा डाग साबणानें मुळींच जात नाहीं, उलट पक्का होतो. त्यास लिंबाचा रस व मीठ लावून पांढरें कापड उन्हांत ठेवावें; लिंबांतील आम्ल लोखंडास धरून पाण्यांत उतरवितें. हिराकस घातलेल्या जुन्या काळ्या शाईचेंही असेंच. आजच्या बॉलपेनाच्या शाईस स्पिरिट लागतें. खालीं कोरडें फडकें ठेवावें, कापसाच्या बोळ्यानें कडेकडून आंत टिपीत यावें, आणि बोळा वरचेवर बदलावा. काजळाचा डाग मात्र निराळाच आहे. काजळ म्हणजे कोळशाची सूक्ष्म भुकटी; तिचा रंग कोणत्याही आम्लानें वा क्षारानें उडत नाहीं. ती तुपांत खललेली असते, म्हणून तेलाचा थेंब लावून सैल करावी, हलकेंच पुसावी व मग साबण लावावा. प्रथमच पाणी लावून चोळल्यास तीट लावलेल्या बाळाच्या गालाप्रमाणें सर्व पदर काळा होतो.

हें झालें डागाविषयीं. वस्त्राविषयींही तितकाच विचार हवा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. लोंकर व रेशीम खाऱ्या माती-पाण्यानें व गोमूत्रानें, तलम पट्टवस्त्र बेलफळानें, लोंकरीचें जाड कांबळें रिठ्यानें, आणि अळशीच्या सुताचें वस्त्र पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावें, असा तेथें विधि आहे. त्यांतील प्रत्येक कलम आजच्या रसायनशास्त्रास पटेल असें नाहीं. रेशमास क्षार लावणें तर त्यास मुळींच पटणार नाहीं. परंतु जसें वस्त्र तसें धुण्याचें द्रव्य निराळें असावें, हें तत्त्व त्या ग्रंथकारांच्या ध्यानीं आलें होतें, आणि सर्व कपडे एकाच यंत्रांत एकाच पुडीनें घुसळणाऱ्या आजच्या गृहस्थाच्या तें ध्यानीं राहत नाहीं, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

रेशीम व लोंकर हीं स्वतःच प्रथिनें आहेत. मग प्रथिनें पचविणारी पुडी रेशमाच्या लुगड्यास लावली तर तिनें डाग कोठें संपतो व लुगडें कोठें सुरू होतें हा भेद कसा करावा? धुण्याच्या सोड्याचें व कडक साबणाचें तेंच. ब्लीचिंग पावडर, जिचें पेटंट स्कॉटलंडांतील चार्ल्स टेनंट यानें १७९९ सालीं घेतलें, ती सुती धोतरास बेतानें चालते. रेशमास व लोंकरीस ती पिवळें करते व पुढें विरघळवूनही टाकते. रेशमास थंड पाणी, रिठा किंवा सौम्य साबण, सांवलींतलें वाळवण, आणि पिळण्याऐवजीं पंचांत गुंडाळून दाबणें, एवढेंच सोसतें. जरीचा पदर असेल तर घरगुती प्रयोगांचा मोह आवरावा. लिंबू-चिंचेनें पितळेचीं भांडीं लखलखतात म्हणून पैठणीचा पदर त्यानें चोळणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. जर उजळो न उजळो, खालचें रेशीम खात्रीनें उतरतें. असें वस्त्र कोरड्या धुलाईस द्यावें. ही धुलाई नांवाप्रमाणें कोरडी नसते, तींत पाण्याऐवजीं दुसरा द्रव पदार्थ असतो. म्हणून तेलकट डागांस ती चांगली व साखरेच्या डागांस तितकीशी नाहीं. दुकानदारासही डाग कशाचा हें सांगावें. पुष्कळ लोक तेथेंही तो लपवितात, जणूं कपडा घेणारा मनुष्य न्यायाधीशच आहे!

परिटाचा उल्लेख केल्यावांचून हें प्रकरण पुरें होणार नाहीं. पिढ्यान् पिढ्या आपले डाग त्यानें पाहिले व कोणास सांगितले नाहींत. राखेचा क्षार, भट्टीची वाफ, दगड, ऊन आणि नीळ एवढ्या साधनांवर तो शुभ्र धोतरें आणून देई. आणि सोवळ्याच्या नांवाखालीं तींच धोतरें आपण पुन्हां पाण्यांतून काढीत असूं, हेंही खरें. त्याच समाजांत १८७६ सालीं शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं पुढें खराटा हातीं घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं. गंमत अशी कीं, सर्व डाग काढणारा हा परीट स्वतः मात्र प्रत्येक वस्त्रावर एक डाग मुद्दाम पाडीत असे. बिब्ब्याच्या तेलाची ती बारीक खूण चुन्यानें पक्की केली म्हणजे भट्टींतूनही जात नसे, आणि शेंकडों धोतरांतून आपलें धोतर आपल्या घरीं येई ते त्या डागामुळेंच. परिटाच्या खुणेवरून पोलिसांनीं अनोळखी इसमांचा पत्ता लावल्याचींही उदाहरणें आहेत. तेव्हां न जाणारा डाग हा प्रत्येक वेळीं शत्रूच असतो असें नाहीं.

आणि कांहीं डाग काढूं नयेत असेंही आमचें मत आहे. कित्येक घरांत आजीचा लग्नांतला अष्टपुत्री असतो, त्यावर हळदीचा बोटभर डाग असतो. साठ वर्षांपूर्वीं कोणाच्या तरी हातून तो पडला. तो हात आज नाहीं, नेसणारीही नाहीं. असें जुनें सूत धुण्याचा एक जोराचा हातही सोसत नाहीं. डाग काढण्याच्या हट्टापायीं तेथें भोंक पडतें, आणि भोंकास पुढें कोणताच उपाय नसतो. ज्या वस्त्राचें नेसणें संपलें त्याची मऊ चौघडी शिवावी. तिच्या घडींत डाग कोठें गेला हें कोणास दिसत नाहीं, आणि निजणाऱ्या बाळास त्याची पर्वाही नसते.

मूळ मुद्दा पुन्हां सांगून हा लेख संपवितों. कर्त्या मंडळींस वाटतें कीं, डागाबद्दल चार शब्द कडक बोललें म्हणजे मुलें व सुना जपून वागतील. आमचा अनुभव उलट आहे. कडक शब्दांनीं डाग पडावयाचे थांबत नाहींत. ते सांगावयाचे थांबतात. मूल शाईचा सदरा दप्तरांत कोंबतें, नवी सून तेलाचें पातळ घडीच्या तळाशीं घालते, वडील माणूसही पानाचा डाग पडलेलें उपरणें गुपचूप उलटें करून खांद्यावर टाकतें. अशा रीतीनें त्या पहिल्या घटकेचे दिवस होतात, दिवसांचे महिने होतात, आणि जो डाग गार पाण्याचा एक लोटा मागत होता तो शेवटीं वस्त्रच मागूं लागतो. ज्या घरांत डाग पडतांच मोठ्यानें सांगतां येतें त्या घरचीं वस्त्रें अधिक दिवस टिकतात. वाचकांनीं आपल्या घरीं बादली ठेवावी, खुंटी ठोकावी, लिंबू, मीठ, रिठे व खडू एका डब्यांत घालून तो मुलांच्याही हातीं लागेल अशा फळीवर ठेवावा. स्पिरिटाची बाटली तेवढी वरच्या फळीवर असूं द्यावी.